मोडक्या कौलांची बाग

बाग म्हटली की पैसा आलाच, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. हिरवळ, कारंजी, संगमरवरी बाके, रंगीत फरशांच्या वाटा ही सारी श्रीमंतांची हौस. दोन खणांच्या परसात राहणाऱ्याने तिच्याकडे दुरून पाहावे आणि समाधान मानावे, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. म्हैसूरची सहल करून आलेल्या माणसाची तर ही समजूत अधिकच पक्की होते. मिर्झा इस्माईल हे दिवाण असताना, १९२७ ते १९३२ या काळात, कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी उभारलेले वृंदावन उद्यान त्याने पाहिलेले असते. काश्मीरच्या शालिमार बागेचा आदर्श पुढे ठेवून रचलेले ते पायऱ्यापायऱ्यांचे वैभव पाहिल्यावर घरच्या चार कुंड्यांकडे बघवत नाही, हे स्वाभाविकच आहे.

पण ‘वृंदावन’ हा शब्द मराठी घरात उच्चारला, तर कोणाच्या मनात कारंजी येत नाहीत. मनात येते ते अंगणातील तुळशीचे वृंदावन. चार विटा, ओंजळभर माती, वर एक रोप आणि तिन्हीसांजेला एक पणती. एकाच नावाच्या या दोन बागांपैकी दुसरीविषयी आज मला बोलायचे आहे.

त्यासाठी म्हैसूर सोडून जाण्याचे कारण नाही. १९३५ साली याच शहरात महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटेसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. घरच्या अंगणात सुरू झालेली गोष्ट लहानच राहते असे नाही, याची ही एक साक्ष. त्याच शहरात, राजवाड्याच्या दक्षिणेस, अग्रहार नावाची जुनी वस्ती आहे. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांच्या वसाहतीसाठी दान दिलेली भूमी. अशा वस्तीतील जुन्या घराची ठेवण ठरलेली असे. वर मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, रस्त्याच्या बाजूस ‘जगली’, म्हणजे आपली ओसरी, आणि पाठीमागे ‘हित्तलु’, म्हणजे आपले परस. त्या परसात एखादी केळ, कढीलिंब, जास्वंद आणि म्हैसूरची कीर्ती जिच्यामुळे दरवळली ती मल्लिगे, म्हणजे मोगरा. ही बाग कोणी मुद्दाम आखलेली नसे. घराच्या रोजच्या व्यवहारातून ती आपोआप उगवत असे.

कन्नडात एक म्हण आहे, ‘हित्तल गिड मद्दल्ल’. परसातले झाड हे औषध नव्हे, असा तिचा अर्थ. आपल्या ‘पिकते तेथे विकत नाही’ या म्हणीची ही सख्खी बहीणच म्हणावयाची. जे हाताशी आहे, त्याची किंमत आपल्याला कळत नाही. झाडांच्या बाबतीत हे खरे आहेच. घरातील जुन्या वस्तूंच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे.

अशी पुष्कळ जुनी घरे पाडून त्या जागी आता मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. घर पडते तेव्हा काय होते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळते. कोरीव खांब आणि सागवानी चौकटी यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. परंतु कौले, पाटा-वरवंटा, ‘ओरळुकल्लु’ म्हणजे दगडी रगडा, कान तुटलेली लोणच्याची बरणी, फुटक्या फरश्या यांना कोणी विचारीत नाही. मिक्सर घरात आल्यापासून रगड्याला काम उरले नाही, आणि ज्याला काम नाही त्याला घरात जागा नाही. हे सारे राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये चढते. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूरला देशात पहिले स्थान मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याच शहराच्या दक्षिण भागात, विद्यारण्यपुरम येथे, वर्षानुवर्षांच्या कचऱ्याचे ढीगही साचत गेले. दृष्टीआड केलेली वस्तू नाहीशी होत नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दृष्टीपुढे जाऊन पडते.

मग या वस्तू बागेत आणाव्यात काय? अवश्य आणाव्यात. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. फुटका माठ, जुनी सायकल, गळकी बादली, मोडकी खुर्ची असे दिसेल ते आणून रचले की बाग न होता अडगळीची खोली उघड्यावर आल्यासारखी दिसते. टाकलेली वस्तू बागेत नुसती ठेवल्याने शोभेची होत नाही. तिला तेथे काम मिळाले पाहिजे. माती अडविणे, वाट दाखविणे, वेलीला आधार देणे, पाखरांना पाणी देणे, असे एखादे काम तिने पत्करले की तिची शोभा आपोआप प्रकट होते. या एका नियमातच स्वस्त बागेचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

टाकाऊ वस्तूंच्या बागेचे आपल्या देशातील सर्वांत थोर उदाहरण चंडीगड येथे आहे. नेकचंद हे फाळणीनंतर इकडे आलेले गृहस्थ तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवे शहर वसविण्यासाठी जी खेडी उठविली गेली, त्यांचा राडारोडा त्यांच्या नजरेसमोर पडलेला होता. १९५७ च्या सुमारास त्यांनी तो सायकलवरून वाहून नेण्यास आरंभ केला आणि राखीव जंगलाच्या एका कोपऱ्यात, कोणासही न सांगता, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि दगड यांची एक नगरीच उभी केली. ती सरकारच्या लक्षात आली तेव्हा बेकायदा म्हणून पाडून टाकण्याची वेळ आली होती. पण लोकमत नेकचंदांच्या बाजूचे झाले आणि १९७६ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले.

नेकचंदांपासून आपण घ्यावयाचा धडा कोणता? पुतळे करण्याचा नव्हे. ते प्रत्येकाला साधणार नाही. धडा आहे तो निवडीचा. त्यांनी एका जातीची वस्तू पुष्कळ प्रमाणात जमविली, वेगळी करून ठेवली आणि मग ती ओळीने, पुन्हा पुन्हा वापरली. एक फुटकी बांगडी हा केर आहे. हजार फुटक्या बांगड्या ही नक्षी आहे. अग्रहारातच एकशे एक गणपतींचे एक देऊळ आहे. एकच रूप पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आले की मनावर केवढा ठसा उमटतो, हे तेथे सहज कळते. बागेतही हेच करावे. दहा तऱ्हांच्या दहा वस्तूंपेक्षा एकाच तऱ्हेच्या दहा वस्तू केव्हाही अधिक शोभतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभ कौलांपासून करावा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि तेथपासून ही कौले दक्षिणेत आणि कोकणात घरोघर पोचली. अशा कौलाची लांबी सुमारे १६ इंच आणि रुंदी सुमारे १० इंच असते. वाफ्याच्या कडेने आठ इंच खोल चर खणावा, कौले त्यात उभी करावीत आणि दोन्ही बाजूंनी माती ठोकून बसवावी. अर्धे कौल जमिनीत, अर्धे वर. वीस फूट कडेला २४ कौले पुरतात. सिमेंट लागत नाही, आणि पुढे मन बदलले तर कौले उपटून दुसरीकडे लावता येतात. म्हैसूरकडे मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत जोराचा पाऊस होतो. अशा सरींत वाफ्याची माती वाहून जाऊ नये, हे या कडेचे खरे काम. तिचा तांबूस रंग हिरव्या पानांखाली खुलून दिसतो, हा वरचा लाभ. फुटलेल्या कौलांचे तुकडे करून वाटेवर दाबून बसविले की चिखल होत नाही. कुंडीच्या भोकावरही एक खापरी पालथी ठेवावी, म्हणजे माती निसटत नाही. मात्र खापऱ्यांचा जाड थर देऊ नये. त्याने पाण्याचा निचरा वाढत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते.

रगडा आणि उखळ यांचा उपयोग पाखरांच्या पाण्यासाठी उत्तम होतो. दगड जड असल्याने कलंडत नाही आणि खडबडीत असल्याने चिमणीचा पाय घसरत नाही. येथे एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. शिवाय ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. दोन-तीन दिवसांनी ते बदलावे आणि आठवड्यातून एकदा दगड आतून खराट्याने घासून काढावा. डबे, टायर, नारळाच्या करवंट्या यांत रोप लावताना तळाला भोके पाडावीत. आणि जे रिकामे ठेवावयाचे ते पालथे ठेवावे. डासांची पैदास करणारी शोभा फार महाग पडते.

फुटक्या कपबश्या आणि चिनी फरश्या यांची गत आपल्या गच्च्यांवर पूर्वीपासून ठाऊक आहे. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे गाउदी या शिल्पज्ञाने याच युक्तीने एका बागेतील लांबलचक वळणदार बाक मढविला आणि तो जगप्रसिद्ध झाला. घरी करावयाचे असेल तर तुकडे गोणपाटात गुंडाळून हातोडीने बेताचे फोडावेत, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि एक भाग सिमेंट व चार भाग वाळू यांच्या ओल्या थरात ते दाबून बसवावेत. धारदार कडा वर राहू देऊ नयेत आणि आठवडाभर पाणी मारावे. तुळशीवृंदावनाचा चौथरा एवढेच काम प्रथम हाती घ्यावे. रंगांचाही मोह आवरावा. दक्षिणेकडील देवळांच्या भिंतींवर पांढरे आणि काव यांचे जे उभे पट्टे असतात, ते पाहावेत. चुना आणि गेरू या दोन स्वस्त रंगांत विजोड डबेसुद्धा एका कुटुंबातले दिसू लागतात.

काही वस्तू मात्र फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे कापू किंवा फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांचे दुर्धर रोग आणते. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर डांबरी तेलात मुरविलेले असतात. गाडीच्या बॅटरीचे खोके आणि जुन्या रंगाचे डबे यांत शिशाचा अंश असू शकतो. अशा भांड्यांत भाजी लावणे म्हणजे विष विकत न घेता घरी पिकविणे होय. गच्चीवर बाग करणाऱ्याने वजनाचा विचार आधी करावा; ओल्या मातीचा भार अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक असतो, तेव्हा जाणत्याला विचारूनच जड कुंड्या चढवाव्यात.

खर्च करावयाचाच असेल, तर तो मातीवर करावा. नक्षीदार कुंडीतले मरतुकडे रोप पाहण्यापेक्षा गंजक्या डब्यातला टवटवीत मोगरा पाहणे केव्हाही सुखाचे. अर्थात मातीसुद्धा घरच्या घरी होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ साली जी बाग सुरू झाली, तिच्यात स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचेच खत करून भाज्या आणि फळझाडे वाढविण्यात आली. भाजीची देठे, फळांच्या साली आणि वाळका पाला यांना दोन-तीन महिने दिले, तर माती विकत आणण्याचे कारण फारसे उरत नाही. आणि रोपे? जास्वंद, मोगरा, कर्दळ ही सारी शेजाऱ्याच्या फांदीवरून किंवा कंदावरून येतात. शेजारधर्म हा बागेतील सर्वांत स्वस्त माल आहे, आणि सर्वांत टिकाऊही.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या साऱ्या खटाटोपात पैसे वाचतात हे खरे. पण पैसे वाचविणे एवढाच त्याचा हेतू नव्हे. ज्या रगड्यावर एका बाईने तीस-चाळीस वर्षे पीठ वाटले, त्याच्या खळग्याला तिच्या हाताची गोलाई आलेली असते. तशी वस्तू कोणत्याही बाजारात मिळत नाही. घर पाडावे लागते. त्याला इलाज नसतो. नव्या घराला ओसरी नसते, परसही बहुधा नसते, कदाचित एवढीशी गॅलरी असते. पण तेथे एक तुळस, तिच्याभोवती जुन्या छपराची चार कौले आणि पाखरांसाठी तो दगड एवढे जरी राहिले, तरी जुने घर सर्वस्वी गेले असे होत नाही. घर पाडणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की ट्रक भरण्यापूर्वी राडारोड्याभोवती एकदा सावकाश फेरी मारावी. परसातले झाड औषध नव्हे म्हणून सोडून दिले जाते. परसातला दगड तरी सोडू नये.