अनुमानाची भाषा: लिस्प ते चर्च

लिस्पचे दिवस सरले, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण फार जुनं आहे. जॉन मॅकार्थींनी १९५८ साली एमआयटीत ही भाषा आखायला घेतली आणि १९६० साली तिच्यावरचा निबंध छापला. लिस्पच्या पदावलीची किंमत काढणारं ‘इव्हॅल’ हे फंक्शन त्यात लिस्पमध्येच मांडलेलं होतं. मॅकार्थींच्या लेखी तो सिद्धांताचा भाग होता. स्टीव्ह रसेल यांनी तेच आयबीएम ७०४ वर चालवून दाखवलं. प्रोग्रॅम हाच डेटा असेल, तर प्रोग्रॅमविषयी प्रोग्रॅमच विचार करू शकतो. माझ्या मते या भाषेचा खरा वारसा हाच.

मधला काळ भराभर सांगतो. लिस्पमध्ये विनोग्राड यांचा इंग्रजी समजणारा श्रडलू आला, स्टॅनफर्डचा रोगनिदान करणारा मायसिन आला, लिस्पसाठी खास यंत्रं विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि १९८७च्या सुमारास तो बाजार कोसळला. साधी वर्कस्टेशनं स्वस्त आणि वेगवान झाली होती. खापर मात्र भाषेवर फुटलं. तिकडे एडिनबरोत रॉबिन मिल्नर यांनी एमएल ही फंक्शनल भाषा एलसीएफ या सिद्धता-प्रणालीसाठीच घडवली होती, हे तर कुणी आठवतही नाही.

माझा जीव जडला तो २००८ साली आलेल्या ‘चर्च’ या शक्यतांच्या भाषेवर. गुडमन, मानसिंगका, टेनेनबाउम आणि सहकाऱ्यांनी स्कीम या लिस्पच्या बोलीच्या पायावर ती बांधली आणि लॅम्डा कॅल्क्युलसच्या अलोन्झो चर्च यांचं नाव तिला दिलं. तीत ‘फ्लिप’ नाणं उडवतं, ‘मेम’ एकदा पडलेला कौल लक्षात ठेवतं आणि ‘क्वेरी’ पुराव्यावरून कारणाकडे जाते. समजा, क्षयाची शक्यता १ टक्का, सर्दीची २० टक्के, दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, आणि दोहोंपैकी काहीही झालं तरी खोकला येतोच, एरवी येत नाही. ‘खोकला आहे’ एवढंच सांगितलं, तर क्षयाची शक्यता सुमारे ४.८ टक्क्यांवर जाते. सर्दीही आहे असं कळलं की ती पुन्हा १ टक्क्यावर येते. हे माघारी येणं कुणी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नसतं. आपण फक्त जग कसं चालतं ते लिहायचं. अनुमान भाषा करते. ही फारकत मला आजही विलक्षण वाटते. मॉडेल मोठं झालं की हे अनुमान फार संथ होतं, हे खरं. पण म्हणून तर पुढे क्लोजर या लिस्पच्याच बोलीवर अँग्लिकन आणि जावास्क्रिप्टमध्ये वेबपीपीएल आलं.

भरपूर डेटा आणि भरपूर ग्राफिक कार्डं असली की भाषा कोणतीही चालते, असं मानणारा एक पंथ हल्ली बोकाळला आहे. पण त्यांच्याच आवडीची जॅक्स ही लायब्ररी शुद्ध फंक्शनांची अट घालते. २०२४ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर रौप्यपदकाच्या पातळीला पोहोचलेल्या प्रणालीतल्या अल्फाप्रूफने आपल्या सिद्धता लीनमध्ये लिहिल्या, आणि लीन ही फंक्शनल भाषाच आहे.

दुःख आहे ते विद्यार्थ्यांचं. तयार लायब्ररी बोलवायची, अचूकतेचा आकडा छापायचा, की काम संपलं. आपण कोणतं गृहीतक धरलं, हे विचारलं तर उत्तर येत नाही. त्यांना एकच विनंती: पुढची लायब्ररी उतरवून घेण्याआधी वरचं खोकल्याचं मॉडेल स्वतःच्या हाताने दहा ओळींत लिहा, आणि ते ४.८ कुठून आले ते समजून घ्या.