वर्गणीवर उभी राहिलेली गावं

महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत फिरताना देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओट्यावर, विहिरीच्या कठड्यावर देणगीदारांची फरशी बसवलेली हटकून दिसते. नाव, रक्कम, साल आणि खाली 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. ज्यांनी ही रक्कम चाळीचाळीतून, दारोदार फिरून गोळा केली, त्यांची नावं मात्र त्या फरशीवर सहसा नसतात. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस ही पदं सांभाळणारी माणसं आठवडाभर गिरणीत, गोदीत, एखाद्या कचेरीत राबायची आणि सुट्टीच्या दिवशी गावाचं काम करायची. एका पैशाचं मानधन नाही. या दोन तालुक्यांचा गेल्या शंभर वर्षांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात या माणसांपासून करायला हवी.

मुंबई गाठण्याचं कारण सरळ होतं. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची जमीन, भात, नाचणी, वरी आणि पावसाळा सरला की हाताला काम नाही. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या पिढ्यांना वाट सापडली. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्या भावकीतला, गावातला माणूस बदलीवर लावून घेई. मग त्याच्या मागून पुतण्या, मेहुणा, शेजारचा पोरगा. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत गावाची म्हणून एक खोली असे, तिला गाळा म्हणत. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकजण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा अंग टाकी. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला दोरी, दोरीवर कपडे. जेवण खानावळवालीकडे, पगारापर्यंत उधारीवर. या बायकांनी गिरणगाव पोसलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांना संघटना मिळाली.

खोलीचं भाडं वाटून द्यायचं म्हणजे वही आली, आणि वही आली की ती लिहिणारा विश्वासाचा माणूस आला. गावमंडळं वाढली ती अशा वह्यांच्या आधारानं. कुणी वारलं की अंत्यविधीचा खर्च, गावाकडच्या विधवेला मनिऑर्डर, शिमग्याच्या पालखीचा खर्च, असं करत वर्गणी ठरली. पुढे काहींनी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी केली, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दाखल करू लागले. अनेक मंडळांनी नोंदणीच्या भानगडीत न पडता नुसत्या विश्वासावर व्यवहार केला.

या मंडळांची सभा ज्यानं पाहिली आहे, त्याला तिची शिस्त ठाऊक असते. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा जमाखर्चाला मंजुरी. शेवटचा आयत्या वेळचे विषय, आणि खरं भांडण बहुधा तिथंच. खजिनदार पावतीपुस्तकं समोर मांडतो, कार्बनखालची स्थळप्रत फिकट झालेली असते, एक पावती कमी भरली की सगळी सभा थांबते. चौथी-सातवी शिकलेला माणूस शंभर जणांसमोर उभा राहून पैशापैशाचा हिशेब देतो. लोकशाहीचा एवढा नेमाचा सराव या गावांना दुसऱ्या कुठल्या संस्थेनं दिला असेल, असं मला वाटत नाही.

या माणसांचं बळ कशात होतं, हे महाडच्या एका मोठ्या प्रसंगातून कळतं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. तिची जुळवाजुळव करणाऱ्यांत दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे आघाडीवर होते. अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत होते. मुंबईत आणि गावात दोन्हीकडे पाय असलेले कार्यकर्ते नसते, तर वाड्यावस्त्यांवर निरोप पोचले नसते. ज्याचं पोट गावच्या खोताच्या जमिनीवर अवलंबून, त्याला मान वर करणं जड होतं. ज्याला मुंबईत पगार मिळतो, तो उभं राहून बोलू शकत होता. मुंबईच्या नोकरीनं गावाला पैसा दिला हे सगळे सांगतात. तिनं गावाला निर्भय माणसं दिली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

हेही सांगायला हवं की मंडळं जातीच्या चौकटीतच वाढली. कुणबी समाजोन्नती संघ १९२० सालचा, आणि त्यानं शिक्षणाचं काम मनापासून केलं. पण एकाच गावाची वाडीवार, जातवार दोन-तीन मंडळं असणं ही आजही नवलाची गोष्ट नाही. पाणी एकाच झऱ्याचं, रस्ता एकच, आणि अर्ज मात्र तीन लेटरहेडवर.

आपल्याकडची ही रीत जगावेगळी नाही. चिनुआ अचेबे यांच्या १९६०च्या 'नो लाँगर ॲट ईझ' या कादंबरीत उमुओफिया गावाच्या लोकांची लागोस शहरातली युनियन आहे. ती गावच्या हुशार पोराला इंग्लंडला शिकायला ८०० पौंड देते, हप्त्यांनी फेडायच्या बोलीवर. पुढे त्याच्यावर लाचेचा खटला होतो, तेव्हा सभेत त्याच्यावर तोंडसुख घेतात, पण आपला माणूस म्हणून खटल्याचा भार उचलतात. लालबागच्या कुठल्याही सभेत हा प्रसंग जसाच्या तसा घडू शकतो. पश्चिम मालीतल्या 'काय' (Kayes) भागाचे सोनिंके लोक पॅरिसला मजुरीला गेले, कामगार वसतिगृहांत एका खोलीत दाटीवाटीनं राहिले आणि गावनिहाय पेटी ठेवून त्यांनी गावाकडे मशिदी, दवाखाने, शाळा, विहिरी बांधल्या. परदेशातल्या आफ्रिकी समाजाच्या संस्था आजही अशाच बिनपगारी पदाधिकाऱ्यांच्या जिवावर चालतात. ते लोक आपल्या चाकरमान्यांना पाहताक्षणी ओळखतील.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातले अनेकजण पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. गाळे सुटले, माणसं गावाला परतली किंवा दिवा, नालासोपारा, विरार, बदलापूरकडे पांगली. पूर्वी एका चाळीत हाक मारली की सभा भरे, आता सभेला यायला दोन लोकल बदलाव्या लागतात. वर्गणी थकली. तरीही मंडळं टिकली, याचं श्रेय त्या काळात घरची चूल विझू द्यायची नाही आणि गावची पावतीही चुकवायची नाही, असं ठरवून वागलेल्या पदाधिकाऱ्यांना द्यायला हवं. आता पुढची पिढी व्हॉट्सॲपवर निरोप देते आणि वर्गणी मोबाइलवरून घेते.

मग डोंगरानं परीक्षा घेतली. जुलै २००५च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. आणि २२ जुलै २०२१ रोजी दुपार कलताना तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ३०हून अधिक घरं गाडली गेली, ८०हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी माणसं नेली. महाड शहर पाण्याखाली, रस्ते बंद, मोबाइलचे टॉवर बंद. मुंबईतला माणूस फोन लावत बसला आणि पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. बचावपथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. काही दिवसांनी शोध थांबवला गेला, तेव्हा ३०च्या आसपास माणसं सापडलीच नव्हती. त्यांना मृत म्हणून जाहीर करावं लागलं.

अशा वेळी कुठल्या घरात किती माणसं होती, कोण मुंबईला होतं, कोण सुनेच्या माहेरी गेलं होतं, हे सरकारी दप्तरातून कळत नाही. ते कळतं गावच्या माणसाला आणि मंडळाच्या सभासद-वहीला. मदतीचे टेम्पो येतात, तेव्हाही कुठल्या वाडीला धान्य हवं आणि कुठल्या वाडीला ताडपत्री, हे सांगणारा माणूस लागतो. तळीयेचं पुनर्वसन म्हाडा करेल असं सरकारनं लगेच जाहीर केलं. पण दोन वर्षं उलटली तरी तिथली कुटुंबं कंटेनरच्या घरांत होती. जागा, मोजणी, आराखडा, ठेकेदार या वाटेवर वर्गणी गोळा करण्याची हातोटी पुरत नाही. तिथं चिकाटीनं अर्ज, स्मरणपत्रं आणि कार्यालयातल्या खेपा लागतात, आणि मंडळांच्या जुन्या सरचिटणिसांना हे काम चांगलं येतं. त्यांच्याकडून ते शिकून घ्यायला हवं.

माझी तक्रार एकच आहे आणि ती आपुलकीची आहे. गेल्या ३०-४० वर्षांत आपल्या मंडळांनी देवळांचे जीर्णोद्धार हौसेनं केले, पण वाडीच्या डोक्यावरच्या उताराकडे फारसं पाहिलं नाही. आणि समित्यांत बायका अजून नावापुरत्याच आहेत. झरा अचानक गढूळ झाला, बांधाला भेग पडली, गोठ्याची जमीन खचली, हे आधी त्यांनाच दिसतं, कारण पुरुष मुंबईत असतात. २०२३च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे यादीवर विसंबून चालणार नाही.

गणपतीला सगळे गावी याल. सभा होईलच. इतिवृत्त आणि जमाखर्च झाला की तिसरा विषय वाडीवरच्या डोंगराचा ठेवा. कुठे भेग आहे, मुसळधार पावसात कुणाला कुठे हलवायचं, शाळेची किल्ली कुणाकडे, कुणाचा फोन कुणी उचलायचा, हे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि ते लिहिण्याचं काम गावात राहणाऱ्या एखाद्या बाईकडे सोपवा.