बारा व्होल्ट, पण जपून!

वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर खारी हवा विजेच्या जोडण्यांना गंज चढवते. हॅम रेडिओ चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. १०० वॅटचा संच संदेश पाठवताना १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढतो. गंजलेल्या जोडणीचा रोध अवघा ०.०५ ओहम असला, तरी तिथे एक व्होल्ट वाया जातो आणि २० वॅट उष्णता तयार होते.

मोठ्या अॅम्प्लिफायरसाठी काही जण दोन पॉवर सप्लाय समांतर जोडतात. त्यांच्या व्होल्टेजमध्ये किंचित जरी फरक असला, तरी जास्त व्होल्टेजचा सप्लाय बहुतेक भार एकटाच उचलतो आणि तापतो. भार वाटून घेण्याची सोय असलेलेच सप्लाय असे जोडावेत.

इतक्या कमी व्होल्टेजचा झटका सहसा बसत नाही. धोका भाजण्याचा असतो. अंगठी दोन टोकांमध्ये अडकली, तर क्षणात तापून कातडी जळते. म्हणून आधी दागिने काढावेत, फ्यूज बसवावा. सप्लायचे झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपर्यंत दाब काही काळ टिकू शकतो.

भाजलेच, तर जखम २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, हळद लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.