दोन समुद्रांची मादी

अक्कलकोट तालुक्यात पडलेला पाऊस कोकणच्या समुद्राला मिळत नाही. दुधनीच्या शिवारातलं पाणी ओढ्यानाल्यांतून भीमेला जातं, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. वास्तविक दुधनी आणि गुहागर जवळपास एकाच अक्षांशावर. नाकासमोर पश्चिमेला निघालं, तर साडेतीनशे किलोमीटरच्या आत गुहागरची पुळण लागते. पण मधे सह्याद्री आहे, आणि पाण्यानं कुठं जायचं ते तोच ठरवतो. कासवांच्या अभ्यासकांनीही हे दोन समुद्र बराच काळ वेगळे धरले होते. ओडिशाची ऑलिव्ह रिडले कासवं ओडिशाची, कोकणची ती कोकणची.

27 जानेवारी 2025 रोजी गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीनं ही वाटणी खोटी पाडली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला आधीच धातूची पट्टी होती, क्रमांक 03233. नोंदी तपासल्यावर कळलं, की ती पट्टी 18 मार्च 2021 रोजी ओडिशातल्या गहिरमाथ्याला बसवलेली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या पथकाचं ते काम. श्रीलंकेला वळसा धरला, तर ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची होते. मधल्या जवळपास चार वर्षांत ती कुठं फिरली, हे मात्र पट्टी सांगत नाही.

एवढं नवल कशाचं, तर सागरी कासवांच्या माद्या साधारणपणे आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परततात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा त्यांना दिशेसाठी उपयोग होतो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. शिवाय दोन किनाऱ्यांवरची वागणूकही निराळी. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला हजारो माद्या काही रात्रींत एकदम वाळूवर चढतात. या सामूहिक विणीला ‘अरिबादा’ म्हणतात. कोकणात तसं काही होत नाही. इथं मादी एकटीदुकटी येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. आता प्रश्न असा, की हे वेगळेपण जातीच्या दोन शाखांचं, की एकाच मादीला दोन्ही रीती जमतात?

ओडिशाच्या माद्या दक्षिणेला उतरतात, हे आधी ठाऊक होतं. डॉ. बिवाश पांडव यांनी 1990च्या दशकात तिथं हजारो कासवांना पट्ट्या लावल्या, त्यांतली काही पुढं श्रीलंकेजवळ आणि तामिळनाडूच्या दक्षिणेला सापडली. पण तिथून वळून पश्चिम किनाऱ्यावर घरटं करणं ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडे कोकणात कासवांचा अभ्यास उभा राहिला तो मंडणगड तालुक्यातल्या वेळासमुळे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी तिथं गेले असता कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मग घरट्यांचं संरक्षण सुरू झालं. अंडी हॅचरीत नेऊन तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची. हे दिसतं त्यापेक्षा नाजूक काम, कारण पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. ऊब जास्त, तर माद्या जास्त. रात्रीची गस्त गावचे कासवमित्र घालतात. मला विचाराल, तर या संशोधनाचं अर्धं श्रेय त्यांचं आहे, आणि शोधनिबंधांत ते जेमतेम आभारापुरतं उरतं.

जानेवारी 2022 मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र चिकटवलं गेलं. भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. आर. सुरेश कुमार, कांदळवन प्रतिष्ठान आणि वन विभाग यांचा हा उपक्रम. त्या हंगामात अशी पाच कासवं निघाली. कासव श्वासासाठी वर आलं, की यंत्र ठिकाण कळवतं. प्रथमा उत्तरेला गुजरातकडे जाऊन माघारी फिरली. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरहून सोडलेल्या ‘बागेश्री’नं मात्र कन्याकुमारी ओलांडली आणि श्रीलंकेवरून बंगालचा उपसागर गाठला. म्हणजे 03233 जिथून आली, त्या दिशेनं दुसरी एक गेली.

दोन माद्यांवरून सिद्धांत मांडू नये, हे खरंच. त्रिपाठींनी शक्यता बोलून दाखवली आहे, की काही माद्या दोन्ही किनाऱ्यांवर वीण करत असाव्यात. ती पडताळायची, तर दोन्हीकडच्या कासवांच्या ऊतींचे नमुने घेऊन त्यांची जनुकीय तुलना करावी लागेल, आणि पट्ट्या लावायच्या त्या वर्षानुवर्षं, दोन्ही किनाऱ्यांवर. निधीचे प्रकल्प सहसा दोन-तीन वर्षांचे असतात. ऑलिव्ह रिडलेला वयात यायलाच त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो.