तबकडीवरचा ‘स्पीड’ नेमके काय सांगतो?

डिस्क गोल्फमध्ये साखळ्या लावलेल्या टोपलीत तबकडी टाकायची असते. तबकडी कशी उडेल, हे सहसा चार आकड्यांत सांगतात: स्पीड, ग्लाइड (तरंगण्याची क्षमता), टर्न (वेगात असतानाचे वळण) आणि फेड (वेग मंदावल्यावरचे उलट वळण). उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत फेड डावीकडे येतो.

स्पीडचा आकडा मोठा, म्हणजे तबकडी आपोआप लांब जाणार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात, तबकडी ठरल्याप्रमाणे उडायला फेक किती वेगवान हवी, हे तो आकडा सांगतो. सायकलचा वरचा गिअर टाकल्याने वेग मिळत नाही. तो पेलायला पायांत जोर लागतो. तसेच हे आहे. फेक अपुरी पडली, तर 12 स्पीडची तबकडीही लवकर डावीकडे वळून खाली येते.

वेगवान कंट्रोल ड्रायव्हर (अंतराइतकेच अचूकतेला महत्त्व देणारी तबकडी) साधारण 7 ते 9 स्पीडचा असतो. इनोव्हा कंपनीच्या फायरबर्ड या तबकडीचे आकडे 9, 3, 0, 4, तर थंडरबर्डचे 9, 5, 0, 2. स्पीड सारखाच, पण फायरबर्ड कमी तरंगतो आणि शेवटी जोरात वळतो. म्हणून समोरून वारा असताना किंवा झाडाला वळसा घालताना तो उपयोगी पडतो. थंडरबर्ड जास्त सरळ आणि लांब जातो.

म्हणून अनुभवी खेळाडूने आपल्या फेकीला पेलेल तो स्पीड आधी ठरवावा. पुढची निवड ग्लाइड, टर्न आणि फेड पाहूनच करावी.