दीड टन म्हणजे किती वॉट?

एसीच्या दुकानात 'दीड टनाचा घ्या' असं सांगतात, तेव्हा तो टन यंत्राच्या वजनाचा नसतो. तो बर्फाचा असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून जहाजानं मुंबईपर्यंत बर्फ यायचा. पुढे थंडावा देणारी यंत्रं आली, तरी माप बर्फाचंच राहिलं. अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन थंडावा. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. गुणाकार करा, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं साधारण ३.५ किलोवॉट. तासाला १२,००० बीटीयू म्हणतात तेही हेच.

म्हणजे दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट वीज खातो? मुळीच नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. सव्वापाच किलोवॉट ही खोलीतून बाहेर टाकलेली उष्णता. एसी थंडावा निर्माण करत नाही, फक्त उष्णता वाहून नेतो. त्या हमालीला दीडएक किलोवॉट वीज पुरते. मागच्या बाजूनं मात्र दोन्हींची बेरीज, पावणेसात किलोवॉट, गल्लीत ओतली जाते.