एका टिपरातलं लोखंड

या लेखमालेत सीएमएलला (क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमियाला) या आठवड्यात हात घालणार होतो. तो पुढच्या खेपेला. मधे डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. लिहिते, ‘खाणी जोरात होत्या तेव्हा तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवणाच्या ताटावरसुद्धा लाल धूळ बसायची. पावसात वहाळ तांबडा व्हायचा. एवढं लोखंड उशाशी असून आमच्या आयांचं हिमोग्लोबिन आठ का?’

तिसऱ्या लेखात लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया मी भरभर उरकला होता, ती चूक आज भरून काढतो.

आधी हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगातलं सगळं लोखंड गोळा केलं तर ३ ते ४ ग्रॅम भरतं, आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनात असतं. आता एका टिपरात १० टन खनिज धरा, त्यात ६० टक्के लोखंड. झालं ६ टन. माणशी ४ ग्रॅम वाटलं तर ते १५ लाख जणांना पुरेल. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या माणसांच्या रक्तामांसातलं लोखंड एका टिपरात मावतं! असे शेकडो टिपर मांडवीकाठी रिकामे व्हायचे आणि ते खनिज बार्जींतून मुरगावला जायचं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ३९ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या.

खनिजातलं लोखंड म्हणजे मुख्यतः हेमॅटाइट. हे नावच ‘रक्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं, हिमोग्लोबिनचं सख्खं भावंड. पण रसायन म्हणून तो फेरिक ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. जठरातल्या आम्लात तो जेमतेम विरघळतो. जे काही विरघळेल तेही पुढे आतड्यात आम्लता उतरली की पुन्हा खाली बसतं. ड्युओडेनमच्या पेशीला लोखंड हवं असतं फेरस रूपात. मासळी-मटणातल्या हीम या लोहयुक्त घटकाला तेवढी वेगळी वाट आहे, म्हणून ते जास्त शोषलं जातं. एवढं करून रोज आत जातं १ ते २ मिलिग्रॅम. शरीराकडे जादा लोखंड बाहेर टाकायचा मार्गच नाही, त्यामुळे सगळा पहारा आत शिरतानाच, आणि पहारेकरी म्हणजे यकृतातून येणारं हेप्सिडिन. मला या हेप्सिडिनचं फार अप्रूप आहे. लोहाची एक गोळी पोटात गेली की ते जवळजवळ दिवसभर वर चढतं आणि लागोपाठच्या दुसऱ्या गोळीला अडवतं. दिवसाआड गोळी देण्यामागचा विचार हाच.

जमेची बाजू अशी तुटपुंजी, आणि खर्च बघा. एक मिलिलिटर रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅम लोखंड गेलं. पाळीत ४० मिलिलिटर गेलं तर २० मिलिग्रॅम. अ‍ॅन्सायलोस्टोमाचा एक हुकवर्म दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो. शंभर असले तर? हा जंत अनवाणी पायांतून शिरतो, म्हणून पेडण्यातल्या शेतात, काजूच्या बागायतीत काम करणारी बाई समोर बसली की ‘पायांत काय घालता?’ हे आधी विचारा. आणि पन्नाशीच्या पुरुषात लोहाची कमतरता दिसली तर गोळ्या लिहून मोकळे होऊ नका, आतड्यातला रक्तस्राव शोधा.

आता पत्रामुळे आठवलेली गोष्ट. खाणपट्ट्यातली नऊ वर्षांची मुलगी. आई दारातूनच म्हणाली, “दोतोर, हें माती खाता.” मुलीच्या नखांत तांबडी माती आणि तळहात मात्र पांढरेफटक. हिमोग्लोबिन ६.८, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ५८, लाल पेशी ४० लाख, म्हणजे ४ दशलक्ष. भागाकार करा, ५८ भागिले ४, साडेचौदा. १३ च्या वर, म्हणजे संशय लोहाचा. खाली असता तर थॅलेसेमिया मायनर मनात धरून हिमोग्लोबिन ए-टू मोजायला पाठवलं असतं. एवढ्या फिकट मुलीत मला खरी धास्ती ल्यूकेमियाची होती. पण प्लेटलेट ५ लाख २० हजार आले आणि जीव भांड्यात पडला. लोह कमी असताना प्लेटलेट असे वाढतात, ल्यूकेमियात बहुधा कोसळतात. तरी स्लाइड मी स्वतः पाहिली. ब्लास्ट एकही नाही. लिम्फोसाइटच्या केंद्रकापेक्षा लहान लाल पेशी, बांगडीसारखी नुसती कड उरलेल्या, मधेच एखादी पेन्सिलसारखी लांबोडकी.

अंगाला लोखंड हवंय म्हणून पोर माती खाते, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. लोहाची कमतरता असलेल्या बायका बर्फही कडाकडा चावतात, आणि बर्फात कुठलं आलंय लोखंड? उलट चिकणमाती अन्नातलं लोखंड स्वतःला चिकटवून घेते. पोर जितकी माती खाईल तितकी आणखी फिकट होते.

तिला जंताची गोळी दिली आणि फेरस सल्फेट सुरू केलं. तेच लोखंड, फक्त आतड्याला घेता येईल अशा रूपात. माती खाऊ नको म्हणून तिला कुणी रागावायचं नाही, एवढंच आईला सांगितलं. तीन आठवड्यांनी पुन्हा स्लाइड केली. जुन्या फिकट बांगड्या तशाच होत्या, आणि त्यांच्यात मिसळलेल्या नव्या, मोठ्या, भरल्या रंगाच्या पेशी, काही निळसर झाक असलेल्या. हिमोग्लोबिन अजून नऊलाही पोचलं नव्हतं. पण माती दहाव्या दिवशीच सुटली होती. आईनं मुलीचे हात माझ्यापुढे धरले. नखं स्वच्छ होती.